व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्यापूर्वी: फसवणूक आणि छळ टाळण्यासाठी कुटुंबीयांनी काय तपासावे

ही आमच्या घरातली २०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, दारू तेव्हा सकाळी उठल्याबरोबर सुरू होत असे. एका रात्री त्याने स्वयंपाकघरातली भांडी फेकली, वहिनी मुलांना घेऊन शेजारी गेली आणि आईने रिक्षाच्या मागच्या जाहिरातीवरून कधीतरी उतरवून ठेवलेला एक नंबर माझ्या हातात दिला. फोन उचलणाऱ्याने तीनच प्रश्न विचारले: वजन किती आहे, हात उगारतो का, आणि पैसे कोण भरणार. दीड तासात गाडी दारात आली. चार माणसांनी दादाला झोपेतून उठवून गाडीत बसवले आणि मी बॉनेटवर ठेवलेल्या कागदावर विजेरीच्या उजेडात सही केली. त्या कागदावर काय लिहिले होते ते मी वाचले नाही.

तेवीस दिवसांनी आम्ही त्याला परत आणले, तेव्हा त्याचे डोके भादरलेले होते, डाव्या मनगटावर दोरीचा काळा पडलेला वळ होता आणि त्या काळात त्याला मिळालेला एकमेव औषधोपचार म्हणजे रोज रात्री दिली जाणारी, नाव नसलेली एक पांढरी गोळी. पुढे त्याच्यावर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रीतसर उपचार झाले. त्या काळात मला जे कायदे, कागद आणि प्रश्न कळले, ते त्या रात्री माहीत असते तर मी वेगळी वागले असते, म्हणून ते येथे क्रमाने मांडत आहे.

सगळीच केंद्रे वाईट असतात असे मुळीच नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण किंवा मुंबईत १९८१ साली सुरू झालेले कृपा फाउंडेशन यांसारख्या संस्थांनी महाराष्ट्रात हे काम प्रतिष्ठेचे केले आणि असंख्य संसार सावरले. परंतु गरज प्रचंड आणि सोय तोकडी अशी स्थिती आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. या पोकळीत भाड्याचा बंगला, लोखंडी दार आणि दोन-चार धट्टीकट्टी माणसे एवढ्या भांडवलावर केंद्र उघडणारे लोक शिरतात. त्यांचा सगळा व्यवहार घाबरलेल्या कुटुंबाच्या एका सहीवर चालतो. आपण माणसाला उपचारासाठी नेत असतो, कुणाच्या ताब्यात देत नसतो, हा फरक सही करण्यापूर्वी मनात स्पष्ट असला पाहिजे.

१. ही वेळ रुग्णालयाची आहे की केंद्राची, हे आधी ठरवा

अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद झाली, तर पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत त्याला फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणे अशी अवस्था येऊ शकते. वेळीच औषधे मिळाली नाहीत तर ही अवस्था जिवावर बेतते. म्हणून ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नाही, शिरेतून औषध देण्याची सोय नाही आणि जवळच्या रुग्णालयाशी कोणताही संबंध नाही, तेथे अशा माणसाला पहिल्या आठवड्यात ठेवणे धोक्याचे आहे. यापूर्वी कधी फिट आली असेल, कावीळ झाली असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर थेट जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. मुंबईत केईएम, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था येथे व्यसनांवर उपचार होतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

माणूस हिंसक झाला असेल आणि जिवाला धोका असेल, तर ११२ वर फोन करावा. रात्री कुणाशी तरी बोलून नीट विचार करायचा असेल, तर व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा क्रमांक १४४१६ आहे. दोन्ही निःशुल्क आहेत. त्या रात्री मला यांपैकी एकही क्रमांक पाठ नव्हता. तुम्ही ते आजच फोनमध्ये जतन करून ठेवा.

याच टप्प्यावर आणखी एक सापळा असतो. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतील पूड जेवणात कालवून देऊ नका. डायसल्फिरम नावाचे औषध घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे होते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. ज्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत, त्यात काय आहे हे तुम्हाला कसे कळणार?

२. केंद्राचे नाव कोण सुचवत आहे, ते पाहा

आम्हाला नंबर जाहिरातीवरून मिळाला. पुष्कळ घरांना तो रुग्णवाहिकेचा चालक, औषधाच्या दुकानातला ओळखीचा माणूस किंवा ‘मीही तिथूनच बरा झालो’ असे सांगणारी व्यक्ती देते. सांगणारा प्रामाणिक असू शकतो, परंतु प्रत्येक रुग्णामागे दलाली देणारी केंद्रे आहेत आणि दलालीवर जगणाऱ्याला रुग्ण बरा होण्यापेक्षा दाखल होण्यात रस असतो. डॉक्टरांनी रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे. ‘या केंद्राकडून तुम्हाला काही मिळते का?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारावा.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात रुग्णांना एका ‘सोबर होम’मधून (व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या निवासातून) दुसऱ्यात फिरवायचे आणि प्रत्येक ठिकाणी लघवीच्या तपासण्यांची विमा कंपनीकडून भरमसाट वसुली करायची, असा धंदा अनेक वर्षे चालला. अशा दलालीविरुद्ध तेथे २०१८ साली केंद्रीय कायदा करावा लागला. ॲरिझोना राज्यात मे २०२३ मध्ये शंभराहून अधिक उपचारसंस्थांची सरकारी देयके थांबवण्यात आली. मूळनिवासी वस्त्यांमधून लोकांना अन्न आणि निवाऱ्याचे आमिष दाखवून गाडीत बसवायचे, नावापुरत्या निवासात ठेवायचे आणि न दिलेल्या उपचारांचे पैसे सरकारी योजनेकडून उकळायचे, असा तो प्रकार होता. तेथे लुबाडले गेले ते सरकार आणि विमा कंपन्या, आपल्याकडे लुबाडले जाते ते कुटुंब, परंतु दारात येणारी गाडी दोन्हीकडे सारखीच आहे.

‘आम्ही घरून उचलून नेतो’ अशी सेवा देणाऱ्या केंद्राला मी तरी पहिल्याच फोनवर नकार देईन. रुग्णाला एकदाही न पाहता, त्याच्याशी न बोलता, फोनवर दाखल करून घेण्याचा निर्णय देणारा माणूस उपचार विकत नसतो.

३. नोंदणीचा नेमका कोणता कागद मागायचा

केंद्राच्या कार्यालयात भिंतभर प्रमाणपत्रे लावलेली असतात आणि आपण ती पाहून निश्चिंत होतो. धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणी, दुकान परवाना, देणगीवरील करसवलतीचे पत्र, आयएसओ प्रमाणपत्र, मंत्रिमहोदयांसोबतचा फोटो यांपैकी कशानेही माणसाला दाखल करून उपचार करण्याचा परवाना मिळत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा ‘मानसिक आजारा’त स्पष्टपणे समावेश आहे. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेने कलम ६५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. तुम्हाला हेच प्रमाणपत्र पाहायचे आहे. त्यावरील संस्थेचे नाव, पत्ता आणि मुदत वाचा. नाव एका गावातल्या केंद्राचे आणि प्रत्यक्ष रुग्ण ठेवतात दुसऱ्याच गावातल्या बंगल्यात, असेही घडते, म्हणून पत्ता ताडून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

केंद्रात कोण मानसोपचारतज्ज्ञ येतात, त्यांचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासा. त्यानंतर जमल्यास त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून ‘आपण त्या केंद्रात कोणत्या वारी जाता?’ एवढेच विचारा. पाटीवर नाव असलेल्या डॉक्टरांनी त्या केंद्रात वर्षभर पाऊलही ठेवलेले नसते, असे या एका फोनने उघडकीस येऊ शकते.

४. स्वतः जा, आत जा आणि वेळ घेऊन पाहा

कार्यालय पाहून परत फिरू नका. झोपण्याची खोली, संडास, स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट दाखवा असे म्हणा. ‘रुग्णांच्या खाजगीपणामुळे आत सोडता येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर रुग्ण सभागृहात किंवा जेवणात असताना मोकळी खोली दाखवण्याची विनंती करा. तिलाही नकार मिळाला, तर तेथून निघा.

आत गेल्यावर मी आता काय पाहते ते सांगते. आग लागली तर दार कोण आणि किती वेळात उघडणार, म्हणजे किल्ल्या कोणाकडे आहेत? आमच्या बाबतीत त्या ‘सीनियर’ म्हणवणाऱ्या एका जुन्या रुग्णाच्या गळ्यात होत्या आणि रात्री तो स्वतः झोपेची गोळी घेऊन झोपत असे, हे दादाने नंतर सांगितले. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाने नव्या रुग्णांना आधार देणे ही या क्षेत्रातली अतिशय चांगली परंपरा आहे, पण त्याच्या हाती शिक्षा करण्याचा अधिकार आला की तिचे तुरुंगातल्या मुकादमशाहीत रूपांतर होते. सगळ्यांचे केस सारखेच कापलेले आहेत का, सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे दिले आहेत का, ते पाहा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २० नुसार सक्तीने मुंडण करता येत नाही, गणवेशाची सक्ती करता येत नाही आणि मोबदला न देता कामाला जुंपताही येत नाही. कलम ९५ नुसार कोणत्याही स्वरूपात साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. कलम ९७ नुसार एकट्याला कोंडून ठेवणे पूर्णपणे निषिद्ध आहे. शारीरिक अटकाव करायचा तर तो तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताच उपाय नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करूनच करता येतो.

भिंतीवर आणखी एक गोष्ट शोधा. याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ठळक जागी लावणे, त्या मंडळाकडे अर्ज करण्याचे नमुने रुग्णाला देणे आणि मंडळाला फोन करण्याची मोफत मुभा देणे, हे कलम ७२ नुसार संस्थेचे कर्तव्य आहे. ‘हा फलक कुठे आहे?’ या साध्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरेच काही कळते.

दिवसाचे वेळापत्रक मागा. त्यात समुपदेशकाशी वैयक्तिक भेट किती वेळा आहे आणि त्या समुपदेशकाचे शिक्षण काय, हे विचारा. दिवसभर केवळ प्रार्थना, झाडलोट आणि दूरदर्शन असेल, तर तुम्ही वसतिगृहाचे भाडे भरत आहात.

५. दाखल करताना: सही कशावर होते आहे

कायद्याने दाखल होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि तुमचा माणूस कोणत्या मार्गाने आत जात आहे हे तुम्हाला माहीत असलेच पाहिजे.

पहिला मार्ग स्वेच्छेचा, म्हणजे कलम ८६ चा. प्रौढ रुग्ण स्वतः विनंती करून दाखल होतो. असा रुग्ण सोडा म्हणाला की त्याला सोडावे लागते. काही विशिष्ट परिस्थितीत तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येते, त्यापुढे त्याला त्या मार्गाने अडवता येत नाही.

दुसरा मार्ग कलम ८९ चा. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका असेल किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावरून त्याला दाखल करता येते. परंतु त्यासाठी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासणी केलेली असावी लागते. संस्थेने त्याची माहिती पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत, कळवावी लागते. या मार्गाने जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. त्यापुढे ठेवायचे तर नव्याने तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते.

काही केंद्रे ‘सहा महिन्यांचे सक्तीचे पॅकेज’ देऊ करतात, त्या शब्दांकडे आता पाहा. रुग्ण स्वेच्छेने आलेला असेल तर सक्ती करता येत नाही आणि सक्तीने आणलेला असेल तर पहिल्याच दिवशी सहा महिने ठरवता येत नाहीत. बायकोने, भावाने किंवा आईने शंभर कागदांवर सह्या केल्या, तरी त्यातून कुणालाही प्रौढ माणसाला कुलपात ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. बेकायदा डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालील गुन्हा आहे.

मला ठाऊक आहे की हे वाचताना पुष्कळ जणींच्या मनात एकच विचार येईल: पण तो बाहेर आला तर त्याच दिवशी पिणार. मीही हाच विचार करून सही केली होती. त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. माराच्या भीतीने तेवीस दिवस न प्यालेला दादा चोविसाव्या दिवशी प्यायला आणि त्यानंतर वर्षभर कोणत्याही डॉक्टरांकडे यायला तयार होईना, कारण उपचार या शब्दाचा अर्थ त्याच्यासाठी दोरी असा झाला होता. एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा ‘रुग्णाच्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही’ अशा मजकुरावर सही करू नका. कुणी ती करून घेतली असेल, तरी तेवढ्याने केंद्राचा निष्काळजीपणा किंवा मारहाण माफ होत नाही. सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो तेथेच उभे राहून काढा.

सोबत ही फाइल न्यावी:

- रुग्ण आणि दाखल करणारी व्यक्ती यांच्या आधार कार्डांच्या छायाप्रती (मूळ कार्ड, एटीएम कार्ड आणि पासबुक कधीही ठेवून देऊ नये)
- आधीचे वैद्यकीय कागद, रक्ताचे अहवाल आणि चालू औषधांची यादी. मधुमेह, रक्तदाब, फिट आणि ॲलर्जी यांचा उल्लेख ठळक अक्षरांत
- मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी झाली असल्यास तिची चिठ्ठी
- नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, याचा लेखी कागद. रुग्ण शुद्धीत असताना त्याच्याच सहीने केलेला असल्यास उत्तम
- दाखल करण्याच्या दिवशी काढलेला रुग्णाचा पूर्ण फोटो आणि त्याचे वजन

शेवटची बाब विचित्र वाटेल, परंतु दादाचे वजन नऊ किलोंनी घटले होते हे आम्हाला तक्रारीत सिद्ध करता आले नाही, कारण आधीच्या वजनाची नोंदच आमच्याकडे नव्हती.

६. पैशांचा व्यवहार

एकूण खर्च लेखी घ्या आणि त्यात औषधे, डॉक्टरांची भेट, तपासण्या आणि ‘पिकअप’ यांचा समावेश आहे की नाही ते विचारा. लवकर घरी नेल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही त्याच कागदावर असावे. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पैसे संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात भरा, कुणा ‘सरांच्या’ मोबाइल क्रमांकावर नव्हे. आम्ही भरलेल्या अठरा हजारांची पावती ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून दिली गेली होती आणि तिच्यावर उपचार हा शब्दच नव्हता. देणगीची पावती दाखवून सेवेतील त्रुटीबद्दल भांडणे किती अवघड जाते, हे आम्ही अनुभवले.

‘विम्यातून सगळे निघेल’ या आश्वासनावर विसंबू नका. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचार वगळणारे कलम बहुतेक वैयक्तिक आरोग्य विमा पत्रकांत असते. अशा वेळी केंद्राने ‘आपण आजार दुसराच लिहू’ असे सुचवले, तर खोट्या दाव्यावर सही तुमची असेल, त्यांची नव्हे.

७. पहिल्या दोन आठवड्यांत कान आणि डोळे उघडे ठेवा

सुरुवातीचे काही दिवस फोन आणि भेटींवर मर्यादा घालणे हे चांगल्या केंद्रांतही असते आणि त्यामागे कारण असते, कारण त्या दिवसांत रुग्ण ‘मला घेऊन जा’ एवढेच म्हणत असतो. परंतु मर्यादा आणि बंदी यांत फरक आहे. योग्य वेळी फोन करण्याचा आणि भेट घेण्याचा हक्क कलम २६ ने रुग्णाला दिलेला आहे. भेटीची पहिली तारीख दाखल करतानाच लेखी ठरवून घ्या.

आमचा पहिला फोन अकराव्या दिवशी लावून देण्यात आला. जन्मभर मला ‘चिमे’ म्हणणाऱ्या दादाने त्या दिवशी मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली. ‘मी बरा आहे, जेवण चांगले आहे, काळजी करू नका,’ असे तो म्हणाला आणि मी काही विचारण्याआधी तीच तीन वाक्ये त्याच क्रमाने पुन्हा म्हणाला. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. आईला त्याचा आवाज ऐकून बरे वाटले. मला रात्रभर झोप आली नाही, तरीही मी आणखी बारा दिवस थांबले, याची खंत मला अजून आहे. म्हणून दाखल करण्यापूर्वी घरातल्या कुणाशी तरी संकटाचा एक साधा शब्द ठरवून ठेवावा: ‘गच्चीवरची टाकी भरली का?’ असे तो म्हणाला, तर दुसऱ्याच दिवशी निघायचे.

भेटीत एकांत मागा. हात, पाय, पाठ पाहा. औषधांची चिठ्ठी मागा. वैद्यकीय नोंदी मिळण्याचा रुग्णाचा हक्क कलम २५ मध्ये आहे. गोळ्यांची नावे टिपून घेऊन तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारा. माणूस दिवसभर गुंगीत असेल, जीभ जड झाली असेल, तर त्याला शांत ठेवण्यासाठी औषधे दिली जात असण्याची शक्यता आहे.

८. बाहेर आल्यानंतरचे निवास

उपचार संपल्यावर काही महिने ‘हाफवे होम’ किंवा ‘सोबर हाउस’मध्ये राहण्याचा सल्ला दिला जातो. घरचे वातावरण अवघड असेल तर त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तेथे राहणारा माणूस रुग्ण म्हणून राहतो की भाडेकरू म्हणून, हे आधी ठरवून घ्या. त्याचा पगार मालकाच्या खात्यात जमा होत असेल, तो केंद्राच्याच खानावळीत किंवा बांधकामावर फुकट राबत असेल, आणि नव्या रुग्णांना ‘उचलायला’ जाणाऱ्या गाडीत त्याला बसवले जात असेल, तर तेथून त्याला बाहेर काढा. दादाला आणायला आलेल्या चौघांपैकी दोघे याच पद्धतीने अडकलेले रुग्ण होते.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभांना शुल्क नसते, दाखल व्हावे लागत नाही आणि ही संघटना स्वतः कोणतेही उपचारकेंद्र चालवत नाही. तिच्या नावाने कुणी पैसे मागितले, तर ते खोटे समजावे. कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉनच्या सभा असतात. माझी आई पहिल्या सभेला जबरदस्तीने आली आणि आता दर आठवड्याला स्वतःहून जाते.

९. काही चुकत आहे असे दिसल्यास

आधी माणसाला बाहेर काढा, हिशेब नंतर करा. ‘उरलेले पैसे भरा, मग न्या’ असे म्हणून अडवले, तर वाद न घालता ११२ वर फोन करा आणि पोलिसांच्या उपस्थितीत न्या. पोलीस टाळाटाळ करू लागले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. माणूस दाखवतच नसतील, तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी, याचिका करता येते.

बाहेर आल्याबरोबर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या आणि जखमांची वैद्यकीय नोंद करा. आम्ही तीन दिवस उशीर केला आणि तोवर वळ फिकट झाला होता. मारहाण आणि डांबून ठेवणे यांबद्दल पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. कायद्याच्या उल्लंघनाबद्दल राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आणि पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करावा. मंडळाकडील अर्जाला शुल्क नाही आणि सक्तीने दाखल केल्याला दिलेल्या आव्हानाचा निर्णय मंडळाने सात दिवसांत द्यायचा असतो. नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये आणि वारंवार केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैशांच्या फसवणुकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तेथेही शुल्क लागत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आमचा पहिला अर्ज ‘मिळालाच नाही’ असे सांगण्यात आले होते. दुसऱ्या अर्जाची पोच आमच्याकडे होती, आणि त्याच अर्जावर चौकशी झाली.